आठ निरोगी माणसं

माझ्या पहिल्या नोकरीत मी नेमकं काय करते हे आईने चाळीत कधी कुणाला सांगितलं नाही. ‘परळला मोठ्या डॉक्टरच्या हाताखाली आहे,’ एवढंच ती सांगायची आणि पुढचा प्रश्न यायच्या आत तिला स्टोव्हवरचं दूध आठवायचं. स्टोव्हवर दूध नसायचंच. गिरण्यांचा संप चालू होता, लालबागेतल्या निम्म्या घरांत कोरा चहा होता. पण तिचंही चुकत नव्हतं. सूक्ष्मजीवशास्त्रात पहिला वर्ग मिळवलेली, चाळीतली पहिली पदवीधर मुलगी दिवसभर लोकांची शी तपासते, हे ती कुठल्या तोंडाने सांगणार?

मला स्वतःला त्या कामाची लाज वाटली नाही. राग यायचा, तो नाक मुरडणाऱ्यांचा. सकाळी गॅलरीच्या टोकाला टमरेल घेऊन रांगेत गप्पा छाटणारी माणसं त्याच विषयाचं नाव काढलं की एकदम सोवळी व्हायची.

आमचे सर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर काम करत. पुण्याचे, बारीक आवाजाचे, अत्यंत सभ्य गृहस्थ. आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. माणूस जे खातो त्यावर ते पोसतात आणि पित्तरसाची मोडतोड करतात. त्या मोडतोडीतून निघणारी काही द्रव्यं आतड्याच्या अस्तराला वर्षानुवर्षं डिवचत राहतात आणि शेवटी तिथे गाठ धरते, असा सरांचा अंदाज होता. तो खरा की खोटा हे बघायचं तर आजारी आणि निरोगी, दोन्ही माणसांचे जंतू शेजारी शेजारी ठेवून बघायला हवेत. आजारी माणसांचे नमुने इस्पितळातून मिळत. निरोगी माणसांचे मिळेनात. आजारी माणूस डॉक्टर मागेल ते मुकाट्याने देतो, निरोगी माणूस आधी ‘कशाला?’ विचारतो आणि मग रस्ता बदलतो.

‘मला एका वयाची, एकाच ठिकाणी जेवणारी, धडधाकट माणसं हवीत,’ सर एकदा हताश होऊन म्हणाले. मी ताबडतोब म्हणाले, ‘माझ्या आईची खानावळ आहे, सर.’

आई आमच्याच दोन खोल्यांत खानावळ चालवत असे. जेवायला यायचे ते आमच्या मालवणकडच्या गावचे गिरणी कामगार. बायकामुलं गावाला, आणि हे सगळे चाळीच्या तळमजल्यावर एका खोलीत. ट्रंका भिंतीला, चटया खुंटीला. माझे वडील साचाखात्यात, कापड विणायच्या मागांवर होते, राहायला वर आमच्यात, पण त्या खोलीचे पुढारी तेच. सगळे त्यांना दादा म्हणत. संप सुरू झाल्यावर बरेचजण भात लावायला गावी निघून गेले होते. वडील धरून आठजण मागे राहिले होते आणि खोलीत बसून सरकारला शिव्या घालत होते. इतकी मोकळी माणसं मला दुसरीकडे कुठे मिळणार?

मी बाटल्या घेऊन खोलीत गेले. रुंद तोंडाच्या, पेचाच्या झाकणाच्या, प्रत्येकीवर नंबर. काय करायचं ते मी शास्त्रीय भाषेत समजावून सांगितलं. आधी तीन दिवस मटण आणि कलेजी खायची नाही, नाहीतर चाचणी चुकते, हेही सांगितलं. त्यावर खोली खदखदून हसली.

‘गो बाय,’ एकजण डोळे पुसत म्हणाला, ‘तीन दिवस कित्याक, आम्ही तीन म्हयने खाल्ला नाय!’

मग हसू ओसरलं आणि सगळ्यांच्या नजरा बाटल्यांकडे गेल्या. अखेर वडील म्हणाले, ‘ठेव थय बाटल्ये. सांगशीत त्या दिवशी सकाळी मिळतले.’ दादांनी शब्द दिला म्हणजे विषय संपला.

ठरल्या सकाळी बाटल्या दारात रांगेने उभ्या होत्या. प्रत्येकीभोवती वर्तमानपत्राचा कागद, त्यावर सुताची गाठ, आणि सगळ्या गाठी एकसारख्या. गिरणी कामगारांची शिस्त बघून मला अभिमान वाटला. आता आठवलं की स्वतःच्याच हुशारीचं हसू येतं.

त्या जंतूंची एक पंचाईत असते. आतड्यात हवा नसते, त्यामुळे त्यांतल्या बऱ्याच जातींना मोकळी हवा लागली की त्या मरून जातात. नमुना लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवून बिनहवेच्या बरणीत घालावा लागतो. म्हणून मी पिशवी पोटाशी धरून धावत सुटले. वाटेत गिरणीच्या फाटकाशी पोलिसांची गाडी उभी होती. संपाच्या दिवसांत फाटकासमोरून पिशवी घेऊन धावणाऱ्याकडे पोलीस कौतुकाने बघत नाहीत.

‘ए पोरी, थांब! काय आहे पिशवीत?’ हवालदाराने काठी आडवी घातली.

‘बाटल्या आहेत. तपासायच्या आहेत. उघडू नका, हवा लागली तर सगळं फुकट जाईल.’

बाटल्या, आणि हवा लागू द्यायची नाही म्हणते, म्हटल्यावर हवालदार दोन पावलं मागे सरकला आणि त्याने साहेबांना हाक मारली. साहेब तरुण होते, धाडसी होते. त्यांनी मला भिंतीशी उभं केलं, एक बाटली अलगद उचलली, सुताची गाठ सोडली, कागद उलगडला आणि झाकण फिरवलं. लगेच ते परत घट्ट लावलं. बाटली त्यांनी हात लांब करून मला परत दिली.

‘जा,’ ते म्हणाले. ‘आणि धावतच जा.’

प्रयोगशाळेत मी आधी लपलेल्या रक्ताची चाचणी केली. आतड्यात गाठ असली तर तिच्यातून थोडं थोडं रक्त झिरपतं, पण ते इतकं कमी असतं की डोळ्यांना दिसत नाही. एका झाडाच्या डिंकाचा अर्क लावलेला कागद असतो, त्यावर नमुना पसरून औषधाचा थेंब टाकला की रक्त असल्यास निळा डाग उमटतो. पहिल्या बाटलीचा कागद निळा झाला. कुणीतरी चोरून कलेजी खाल्ली, असं मी मनात म्हटलं. दुसरा निळा झाला, तिसरा निळा झाला, आणि शेवटचाही निळा झाल्यावर मी आठही कागद सरांसमोर मांडले. त्यांतला एक नंबर माझ्या वडिलांचा होता.

‘घाबरू नका,’ सर म्हणाले. ‘आठ माणसांना एकाच वेळी गाठ होत नसते. हे काहीतरी खाण्यातलं आहे.’

मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. जंतू वाढवायला बरणीत ठेवलेल्या काचेच्या बशा दोन-तीन दिवसांनी बाहेर काढल्या तेव्हा तर सर खुर्चीतून उठलेच. आठही बशांवर तेच ठिपके, त्याच रंगाचे, त्याच प्रमाणात. सख्ख्या भावांचे जंतू इतके जुळत नाहीत. एका हातचं जेवल्यावर माणसांच्या आतड्यांत हुबेहूब एकच वस्ती होते, आणि त्या जेवणातलं काहीतरी आतड्याला डिवचतंय! सरांच्या आयुष्यभराच्या अंदाजाला माझ्या आईच्या स्वयंपाकघरातून पुरावा मिळाला होता. त्यांनी निबंधाचं शीर्षकसुद्धा योजलं. मग म्हणाले, ‘मला तुमच्या मातोश्रींचा स्वयंपाक बघायचा आहे.’

सर जेवायला येणार म्हणून आईने कपाळाला हात लावला. संपात जेवायला घालणार काय? पण माझगावच्या बंदरावरून मासळी आणणाऱ्या कोळणीने तारल्यांचा वाटा जरा सढळ घातला, आणि आईने तिरफळं घालून त्यांचं झणझणीत तिखलं केलं. आठही जण धुतलेले सदरे घालून ओळीने पाटावर बसले. सर मधोमध बसले, पहिल्या घासालाच त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी ते नेटाने जेवले. जेवता जेवता विचारायला लागले. तेल कुठलं? मसाला कधीचा? मासळी कालची की आजची? तिखट नेहमी असंच?

आईने तीन प्रश्न सहन केले.

‘सायब,’ ती पळी हातात घेऊन म्हणाली, ‘तुमका म्हणायचा काय आसा?’

सर खरं बोलणारे गृहस्थ. त्यांनी अत्यंत सभ्यपणे सांगितलं की या आठही जणांच्या आतड्यांतून रक्त झिरपतं आहे आणि त्याचं कारण बहुधा या जेवणात असावं.

आईने पळी पातेल्यात आपटली. मग तिचा आवाज चढला. ‘माझ्या हातचा खावन आजपर्यंत कोणाच्या पोटात दुखला नाय! मी उद्यापासून चूल पेटवचंय नाय. जावा सगळे हॉटेलात!’ आणि ती खरोखरच रडायला लागली. संप सुरू झाल्यापासून या माणसांना ती कसंबसं पुरवून पुरवून जेवू घालत होती. त्याच हातावर आळ आला होता.

ओळीतल्या माणसांनी खाली माना घातल्या. एकमेकांना कोपरं मारली. शेवटी टोकाला बसलेला, सगळ्यांत भिडस्त असा एकजण उष्ट्या हाताने उभा राहिला.

‘वयनीच्या हाताक नाव ठेवू नका, सायब. ते आठय नमुने एकाचेच आसत.’

 सरांनी मला विचारलं, ‘काय म्हणाले ते?’ मी ते शब्दाला शब्द सांगितलं.

मग सगळं बाहेर आलं. मी बाटल्या ठेवून गेल्यावर खोलीत सभा भरली होती. ‘ह्या चेडवाक आम्ही फ्रॉकात बघितलेला,’ असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. असली वस्तू तिच्या हातात कशी द्यायची? पण नाही म्हटलं तर पोरीची नवी नोकरी धोक्यात. तेव्हा गिरणीत जसा खात्याचा प्रतिनिधी पाठवतात तसा खोलीने एक प्रतिनिधी नेमला. त्याने एकट्याने आठही बाटल्या भरल्या, कागद गुंडाळले, गाठी मारल्या, आणि कुणीही त्याचं नाव फोडायचं नाही असं ठरलं. मालकाकडे माणसाचं नाव फोडायचं नाही हे त्यांच्या अंगातच होतं.

‘कोण प्रतिनिधी?’ मी विचारलं.

कुणी सांगितलं नाही. पण सगळे माझ्या वडिलांकडे बघत होते. वडील खाली बघून भात कालवत होते.

‘तिचो बापूस मी,’ ते ताटाशीच बोलले. ‘माका कसली लाज? आणि सगळे एकाच हातचा जेवतो, मगे आत काय येगळा आसतला?’

सरांचा निबंध तिथल्या तिथे मेला. पण त्या माणसाचा मोठेपणा असा की ते आधी हसले, अगदी पोटापासून हसले. ‘निदान आपली पद्धत चोख आहे,’ ते मला म्हणाले. ‘एकाच माणसाचं आठ वेळा तेच उत्तर आलं.’ हे बोलता बोलताच त्यांचं हसू विरलं, कारण त्या वाक्याचा दुसरा अर्थ त्यांना आणि मला एकदमच कळला. एखादा कागद चुकून निळा होऊ शकतो. आठ वेळा चूक होत नाही. कुणाच्या जेवणाला दोष द्यायची सोय राहिली नव्हती. माझ्या वडिलांच्या आतड्यातून रक्त जात होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतः त्यांना ओळखीच्या सर्जनकडे नेलं. तिथे कुशीवर झोपवून बोटाने आणि मग नळी घालून तपासणी झाली. घरी आल्यावर वडील खोलीला म्हणाले, ‘अख्ख्या संपात पोलिसांनी एवढी झडती घेतली नाय!’ सगळे हसले. मी हसले नाही, कारण सर्जन काय म्हणाले ते मी ऐकलं होतं. आतड्याच्या खालच्या भागात गाठ होती. लहान होती, वेळेवर सापडली होती, तेवढा तुकडा कापून टोकं जोडता आली असती. तशीच ठेवली तर वर्षा-दोन वर्षांत माणूस हातचा जाणार होता.

‘संप मिटू दे, मगे बघूया,’ वडील म्हणाले.

त्या दिवसांत ते प्रत्येक गोष्टीला हेच म्हणत. भिंतीला रंग, आईच्या चपला, माझं लग्न, सगळं संप मिटल्यावर. मी रडले, ओरडले, आतड्याचं चित्र काढून दाखवलं. ‘एवढ्या लोकांचो संप चालू आसताना पुढारी खाटेर पडलो तर लोक काय म्हणतले?’ असं त्यांचं पालुपद. खरं कारण निराळं होतं. ते घाबरले होते. पोलिसांच्या लाठीला न भ्यालेला माणूस सर्जनच्या सुरीला टरकला होता, आणि माझ्यासमोर तसं कबूल करण्यापेक्षा मेलेलं बरं, असा त्यांचा हट्ट होता. मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता. भीतीही तितकी कधी वाटली नव्हती.

शेवटी मी तळमजल्यावरच्या खोलीत गेले आणि तिथे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, आणि त्याच संध्याकाळी सभा बोलावली. वडिलांनाही बोलावलं. ते नेहमीच्या जागी, ट्रंकेवर बसले.

भिडस्त माणूस उभा राहिला. ‘ज्येंका वाटता दादान आपरेशन करूचा, त्येनी हात वर करा.’

सात हात वर गेले.

‘माझो इरोध,’ वडील म्हणाले. ‘आणि हो खोलीचो प्रश्न नाय.’

तेवढ्यात दारातून आईने पळीसकट हात वर केला. वडील उसळले. ‘तुझा मत धरूचा नाय. तू गिरणीत खय आसस?’

‘गिरणीतल्यांक जेवूक कोण घालता?’ आई म्हणाली. ‘माझी दोन मता धरा.’

वडिलांनीच त्या माणसांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं की हात मोजून झाले की वाद संपला, मग बहुमत आपल्या बाजूचं असो वा नसो. आता ते त्यांच्याच अंगावर आलं होतं. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी हात खाली घेईना. शेवटी ते ट्रंकेवरून उठले आणि मला म्हणाले, ‘सायबाक सांग, येतंय म्हणून.’

ऑपरेशनला रक्त लागणार होतं. बाटलीत शी द्यायला लाजलेली ती माणसं रक्त द्यायला मात्र धक्काबुक्की करत रांगेत उभी राहिली. दोघांना डॉक्टरांनी अशक्त म्हणून परत पाठवलं, तर ते अपमान झाल्यासारखे जिन्यात फुगून बसले. गाठ पुरती निघाली, पुढे पसरली नव्हती. वडील त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. संप कुणी मिटवला नाही, तो नुसता विरून गेला. गिरणीत त्यांना पुन्हा घेतलं नाही. त्यांनी लालबागेत सुतळी, खिळे विकायचं छोटं दुकान टाकलं आणि मोडकळीला आलेल्या गिरण्यांच्या जागी टॉवर चढताना शिव्या देत देत पाहिले. सरांना पुढे निरोगी माणसं मिळाली, पण प्रत्येकाने बाटली स्वतः न्यायची आणि स्वतःच माझ्या हातात आणून द्यायची असा नियम त्यांनी केला. मी त्याच विषयात निवृत्त झाले. आता यंत्रं एका दिवसात सगळ्या जंतूंची जनुकं वाचून देतात, आणि काही जाती थेट गाठीतच बिऱ्हाड करून राहतात हेही कळलं आहे. अशी भाषणं ऐकताना शेजारची तरुण मुलं गंभीर असतात आणि मला खुसुखुसु हसू येत असतं.

पण ऑपरेशननंतरच्या त्या आठवड्यात हसू कुणाला येत होतं! आतडं कापून जोडलं की ते काही काळ झोपून राहतं. ते जागं झालं, जोड धरला, हे कळायची खूण एकच. माणसाचा वारा सरायला हवा. तोवर तोंडात पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. सर्जन रोज सकाळी येऊन विचारत, ‘वारा सरला का?’ आणि वडील मान वळवून भिंतीकडे बघत. ओठांना भेगा पडल्या होत्या. सर्जन पोटाला स्टेथोस्कोप लावत आणि पुढच्या खाटेकडे जात. एके दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. आणखी एक दिवस वाट बघू, म्हणाले, नाहीतर पोट पुन्हा उघडावं लागेल. मी ते आईला सांगितलं नाही. तिला ते माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं.

संध्याकाळी भेटीच्या वेळेला सगळी खोली आली. एकाने ओवा आणला होता, तो सिस्टरने काढून घेतला. एकाने पाठ चोळायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. मग ते खाटेभोवती नुसते उभे राहिले. आई पायाशी बसली होती. 

आणि वडिलांना वारा सरला.

मोठ्याने, लांबलचक, वॉर्डाच्या दुसऱ्या टोकापर्यंत. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा जागा झाला. वडिलांनी डोळे गच्च मिटून घेतले. संप सुरू झाल्यापासून गिरणगावात पाळीचा भोंगा वाजला नव्हता. तो भिडस्त माणूस दोन्ही हात वर करून ओरडला, ‘भोंगो वाजलो रे!’

सगळे खिदळायला लागले, एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. वडीलही हसायला लागले आणि दोन्ही हातांनी टाके धरून कण्हत म्हणाले, ‘हसवू नका रे मेल्यांनो, फाटतलंय!’ सिस्टर धावत आली. कुणीतरी तिला काय झालं ते सांगितलं, तेव्हा तिने घड्याळ पाहिलं, वडिलांच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘आता पाणी द्यायला हरकत नाही. चमचा चमचा.’

आई उठली. आयुष्यभर माणसं जेवू घातलेल्या त्या बाईच्या हातून पहिला चमचा अर्धा सांडला. तिने दुसरा भरला.